पेटीतलं वरण

देवाजीला नव्या वस्तूचा भारी सोस. पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात त्याने सोलर कुकर आणला. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. खरं म्हणजे या माणसाला उन्हावर स्वयंपाक करायची गरजच काय होती? भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात विजेची काळजी कोणालाच नव्हती. त्याची बायको सिंधुताई हिच्या ओट्यावर कॉइलचा हीटर सदा लाल. पण हौस म्हणजे हौस.

एका रविवारी त्याने गल्लीभर आवतण दिलं. "दोन घंट्यात वरण शिजवून दाखवतो," म्हणाला. नेमकं त्या दिवशी आभाळ मळकट, त्यात कारखान्याची लाल धूळ काचेवर. लोक यायच्या आधी सिंधुताईने हळूच झाकण उघडून पाहिलं, तर तुरीची डाळ अजून टणक. चारचौघांत नवऱ्याचं हसं होणार होतं. देवाजी शेजारून खुर्च्या जमवत फिरत होता, तेवढ्यात तिने हीटरवर दुसरी डाळ शिजवली आणि पेटीतला डबा बदलला.

वाफाळतं वरण पाहून लोकांनी वाहवा केली. पठ्ठ्या आठ दिवस जमिनीवर नव्हता. मग तो ड्यूटीवर गेला की सिंधुताई रोज हीटरवर डाळ शिजवून पेटीत ठेवू लागली. एकदा घेतलेलं सोंग मध्येच कसं टाकणार?

त्या रविवारी कमलाही आली होती. सिंधुताईच्या माहेरगावची. तिने आणि तिच्या नवऱ्याने कारखान्याच्या वसाहतीबाहेर, सुपेल्याला, पोटाला चिमटा घेऊन स्वतःचं घर बांधलं होतं, पण त्यांच्या गल्लीत विजेचा खांब अजून यायचा होता. कोळशाच्या सिगडीच्या धुराने कमलाला दमा लागलेला. तिने हट्टाने तशीच पेटी घेतली आणि सिगडी जावेला देऊन टाकली.

महिन्याभराने सिंधुताई तिच्याकडे गेली. समोरच्या दुमजली दुकानामुळे अंगणात ऊन जेमतेम दोन तास टिकायचं. पेटी कोपऱ्यात पडली होती आणि कमला जावेकडून परत मागून आणलेल्या सिगडीपुढे खोकत बसली होती.

"तुमच्या हाताले गुण हाय, ताई," ती म्हणाली. "माह्या अंगणात बी दोन घंटे ऊन असते. तुमची डाळ शिजते, मंग माही कावून शिजत नाही? मी काय चुकून राहिली, सांगा ना."

सिंधुताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई आपल्यामुळे धुरात बसली आहे आणि वर दोष स्वतःलाच देते आहे. मान वर न करता ती म्हणाली, "कमला, त्या दिवशीची डाळ हीटरवर शिजली होती. रोजचीच शिजते. आमच्या ह्यायची फजिती होऊ नये म्हून मीच पेटीत ठेवतो."

कमलाने शिव्या दिल्या असत्या तर सिंधुताईने त्या आनंदाने ऐकल्या असत्या.

"भाऊजीले मालूम हाय?"

"नाही."

"मंग नका सांगू. मी तं खोकूनच राहिली. त्यायले कायले दुखवता?"

आणि पाहुणीसाठी चहा ठेवायला तिने सिगडीत पुन्हा फुंकर मारली.