रिकाम्या पाकिटांचा पडदा

कारखान्याच्या स्टोअरमध्ये हयात गेल्यामुळे असेल, पण शंकाकाकांचा कशावर पटकन विश्वास बसत नसे. हे नाव गल्लीने ठेवलेलं. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे आपल्याला गंडवायला टपलेत, असं त्यांचं पक्कं मत होतं.

त्यांची विधवा मेहुणी कायमची राहायला आली ती एक कुलूपबंद ट्रंक घेऊन. ट्रंक भली मोठी, पण उचलली तर हलकी. काकांना तेच खटकलं. वरच्या खोलीत ती दार लावून बसायची. एकदा तर स्वयंपाकघरातल्या केराच्या डब्यातून काहीतरी उचलून तिने मुठीत दडवलं.

"तुझी बहीण वर करते तरी काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मन रमवते. तिच्या मागे लागू नका."

बायको नजर चुकवून बोलली. म्हणजे हीसुद्धा सामील, असं काकांनी धरलं.

मग एका संध्याकाळी त्या दाराच्या फटीतून रंगीत उजेड दिसला. काका न विचारता आत घुसले आणि जागीच थबकले. खोलीच्या मधोमध गोळ्यांची रिकामी पाकिटं दोऱ्याने शिवून केलेला पडदा टांगला होता. मागे दिवे होते. फुटलेल्या खळग्यांतून उजेडाचे ठिपके भिंतींवर, छतावर, काकांच्या सदऱ्यावर पडले होते.

"तुमच्या साडूंच्या गोळ्यांची आहेत," मेहुणी म्हणाली. "ते गेले, पण ही टाकवेनात."

काका वरमले. तरी हात पुढे गेलाच. खालच्या ओळीतली पाकिटं उलटून त्यांनी गोळ्या बनवल्याची तारीख वाचली.

"ही तर या वर्षीची. तो त्याआधीच गेला."

मेहुणीने ती पाकिटं त्यांच्या हातातून हळूच सोडवली. "ती ताईची आहेत, भावजी. हृदयाच्या गोळ्यांची. ती केरात टाकते, मी उचलते."

काका खाली आले. बायको भाजी चिरत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? आधी तुम्ही डॉक्टरला खोटं पाडलं असतं, मग मला. गोळ्या राहिल्या असत्या बाजूला."

पुढच्या तपासणीला काका तिच्यासोबत गेले. डॉक्टरांनी नवीन गोळी लिहून दिली. काकांच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. बायको खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसली होती. तिच्याकडे पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "ही जेवणाआधी द्यायची की नंतर?"