गोरा डॉक्टर आणि माझा पाटा

माझा चटणीचा पाटा गायब झाला म्हणून सकाळपासून ओरडत होते, पण एकानंही विश्वास ठेवला नाही. "मथुरामावशे, दगड कोण चोरतंय?" म्हणून सगळे हसले! नांदूरघाटला अण्णासाहेबांच्या बंगल्यावर मी स्वयंपाक करते. पुढारी माणूस, रोज दरबार भरतो. तिथले किस्से चुलीमागच्या काजळीसारखे साचतात, कितीही घासा. त्यात गोरा डॉक्टर आला, आणि माझं डोकंच चालेना.

*

अण्णांच्या मुलानं परदेशातून आणला त्याला. आयर्लंडचा. त्याची डॉक्टरकी इथं चालत नाही म्हणे, म्हणून पाहुणा म्हणून राहायचं आणि अण्णांचं पथ्य सांभाळायचं.

पहिल्याच दिवशी पांडुरंगनं, म्हणजे अण्णांच्या खास कार्यकर्त्यानं, दरबारात ओळख करून दिली, "हे आपले इंग्रज डॉक्टर!"

डॉक्टर ताडकन उठला. "इंग्रज नाही! नो! नो!"

गोरा आहे. इंग्रजी बोलतो. आणि इंग्रज म्हटलं की चिडतो!

पांडुरंग मला हळूच म्हणाला, "मावशे, मग ह्यो हाय तरी कोण?"

"भाकरी चुरून खातोय ना? बास की!"

*

देश का सोडला, यावर रोज नवी बातमी. कुणी म्हणे खून केला, कुणी म्हणे बायकोनं हाकलला. मी सरळ विचारलं, "कशापायी आलास रे बाबा इकडं?"

मोडक्या मराठीत म्हणाला, "मोठा माणूस. त्याचं हॉस्पिटल. मी खरं बोललं. काम गेलं. घर गेलं."

मी ते दरबारात सांगितलं. पांडुरंग म्हणतो, "खरं बोलल्यावर कुणी हाकलतंय व्हय?"

पुढाऱ्याच्या दरबारात बसून हे विचारतोय!

*

डॉक्टरनं अण्णांचे पेढे बंद केले, गूळ बंद केला. अण्णांची शुगर उतरली, पोटही उतरलं. मला वाटलं, आता सगळे खूश!

कुठलं काय, दरबारात सुतक! वाढदिवस आलेला. दरवर्षी अण्णांची गूळतुला होते. तराजूच्या एका पारड्यात अण्णा, दुसऱ्यात गूळ, आणि मग तो गूळ गावाला वाटायचा. आणि नुकतीच केजला किसनरावची तुला झाली होती. हा अण्णांचा जुना विरोधक. त्याचं पोट पारड्यात मावत नव्हतं!

"किसनरावपेक्षा आमच्या अण्णांना गूळ कमी? लई नाचक्की होईल!" पांडुरंग डॉक्टरवर धावून गेला. "गूळ कमी भरला ना, तर ह्याला एसटीत बसवून देतो!"

"कुठे जाऊ?" डॉक्टर विचारत राहिला. अण्णा पंख्याकडं बघत बसले.

त्या संध्याकाळी डॉक्टर स्वयंपाकघरात आला. माझा पाटा उचलून बघितला, खाली ठेवला. "चांगला दगड," म्हणाला.

मला वाटलं, चटणी शिकायचीय!

*

दुसऱ्या दिवशी तुला, आणि त्याच सकाळी माझा पाटा गायब! पारड्यात जाड गादी घातलेली, त्यावर अण्णा बसले. गुळाच्या ढेपा चढत गेल्या. किसनरावच्याही वर! हलग्या, फटाके, शूटिंगला सगळ्यांचे मोबाईल वर!

अण्णा उतरले. पांडुरंग गादी काढायला गेला आणि ओरडला. खाली माझा पाटा! कडेला मिरची-लसणाची चटणी तशीच!

"सांगत नव्हते मी?" मी म्हटलं. पण कुणी माझ्याकडं बघेना. हलगी थांबली. मोबाईल मात्र चालूच.

मी डॉक्टरकडं बघितलं. डोळे लालभडक, घळाघळा पाणी. मिरचीचा हात डोळ्याला लागला की होतं ना, तसं. तो पुढं आला. "मी खरं सांगतो..."

अण्णांनी ढेपेचा खडा फोडला आणि त्याच्या तोंडात कोंबला! ज्यानं अण्णांना गुळाचा वास घेऊ दिला नाही, त्याच्या! "डॉक्टर, आधी तोंड गोड करा!"

मग माईक घेतला. "मला बदनाम करायला हा दगड कुणी ठेवला, मला ठाऊक हाय!"

"कुणी, अण्णा?" सगळा गाव एका सुरात.

"किसनराव!"