शेवटच्या गावातून आलेला फोन

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या वर्षी दिवसाआड एक तरी संदेश यायचा. अधिक ब्याण्णवने सुरू होणारा फोन उचलू नका, तो पाकिस्तानातला नंबर असतो. समोरचा माणूस पोलीस असल्याची बतावणी करेल, तुमची मुलगी आमच्याकडे आहे म्हणेल, घाबरवेल आणि खातं रिकामं करेल. मी तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलं. नोकरी सुटली तरी शिकवायची खोड सुटत नाही, त्यामुळे ज्येष्ठांच्या बैठकीत या विषयावर मी स्वतः उभं राहून वीस मिनिटं बोलले होते. फोन आला की विचार करत बसू नका, कापा, असं सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या एकुलत्या एका मुलीनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की जुलैत ती पाकिस्तानात जाणार आहे. अगदी उत्तरेला, काराकोरममध्ये. आठ जणांचा गट, बरोबर गाइड, स्वयंपाकी, सामान वाहणारी माणसं. दोन आठवडे चालायचं आणि शेवटी साडेपाच हजार मीटरवरची बर्फातली खिंड ओलांडून पलीकडच्या दरीत उतरायचं. ती बारा वर्षं कॅनडात राहते, पासपोर्ट तिथला, व्हिसा हातात आलेला. म्हणजे ती विचारत नव्हती, सांगत होती. बडोद्यात वाढलेल्या या मुलीनं लहानपणी चढलेला सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे पावागड, आणि तोही आम्ही तिला रोपवेच्या उडनखटोल्यात बसवून दाखवलेला. हे वेड कुठून आलं देव जाणे.

आमचे हे रिफायनरीतून निवृत्त झालेले. आवाज कधी चढवत नाहीत, फक्त चहाचा कप बशीत ठेवतात, आणि घरातल्यांना समजायचं ते समजतं. त्यांनी कप ठेवला.

"जगात दुसरीकडे डोंगर नाहीत का?"

"आहेत ना बाबा. तेही करणार आहे."

शेवटी त्यांनी दोन अटी घातल्या. कोणालाही सांगायचं नाही, आणि तिथल्या नंबरवरून आम्हाला फोन करायचा नाही. हॉटेलात इंटरनेट मिळालं तर स्वतःच्या नंबरवरून कर, नाहीतर परत कॅनडात पोचल्यावर बोल. "तिकडचा एक फोन आला की उद्या कोणीतरी चौकशीला दारात उभं राहील. आयुष्यभर कोणाची चौकशी लागली नाही मागे," ते म्हणाले. मी त्यांना भित्रे म्हणाले. पण लोकांना लडाख सांगू या, ही कल्पना माझी. खोटं बोलायचं तर खऱ्याला लागून बोलावं. डोंगर तसेच, बर्फ तसाच, फक्त कुंपणाच्या अलीकडचा. तेव्हा मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

मग मी मांडवीच्या बाजारात जाऊन तिच्यासाठी जाड लोकरीची कानटोपी घेतली. भर मे महिन्यात, डोक्यावर पदर घेऊन, घामाच्या धारा पुसत कानटोपी मागणाऱ्या बाईकडे दुकानदारानं जसं बघावं तसंच बघितलं. ती टोपी ओळखीच्या एकांबरोबर कॅनडाला पाठवली. तिच्याकडे दहापट चांगल्या टोप्या असणार हे मला ठाऊक होतं. पण आईनं काहीतरी द्यायचं असतं.

लडाखच्या गोष्टीला पहिली ठिगळं लावावी लागली ती समोरच्या बेनमुळे. समोरच्या फ्लॅटमधल्या या गुजराती बाई म्हणजे माझी वीस वर्षांची मैत्रीण. माझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर आमचा डबा त्यांनी केला होता. लडाख ऐकताच त्या म्हणाल्या, "अरे, मारो भाणियो तो लेहमां ज छे!" त्यांचा भाचा लेहमध्ये हॉटेल चालवतो, तो आमच्या मुलीला भेटेल, थेपले पोचवेल. मी सांगितलं, ती लेहमध्ये थांबणार नाही. मग म्हणाल्या, फोटो तरी दाखवा. मी म्हटलं, तिथे नेटवर्क नाही. एका खोट्याला दहा खोटी जन्माला घालावी लागतात असं आपण म्हणतो. माझी तोपर्यंत चार झाली होती.

मुलगी जुलैत स्कर्दूला, त्या डोंगरांच्या पायथ्याच्या शहरात, पोचली आणि हॉटेलातून, ठरल्याप्रमाणे स्वतःच्या नंबरवरून, दोन मिनिटं बोलली. आता पंधरा-सोळा दिवस काही कळणार नाही, म्हणाली. गाइड पंचावन्नचे आहेत, दाढी पांढरी आहे, आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं रांगेत चालवतात, असंही म्हणाली. मला त्या शिस्तीनं बरं वाटलं. मग शांतता. मी कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची आणि हे रोज ती फुली पाहून पुढे जायचे.

अकराव्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास समोरच्या बेन डाळ-तांदळाचा खमंग हांडवा घेऊन आल्या. नातीचं गौरीव्रत चालू होतं, तिला मीठ चालत नाही म्हणून घरात कोणी चवीचं खात नाही, अशी त्यांची तक्रार चालली होती. माझा फोन आमच्या दोघींच्या मधल्या टीपॉयवर होता. तो वाजला. अधिक ब्याण्णव.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे सरळ लिहिते. नंबर पाहिला त्या क्षणी मला कळलं होतं. त्या नंबरवरून मला फोन करणारं जगात दुसरं कोण होतं? हात पुढे गेलासुद्धा. पण बेननी माझ्याआधी तो आकडा वाचला.

"अरे, कट करो, कट! फ्रॉड छे!"

मी कापला. मीच. त्यांनी नाही. नंतर त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "लावो, हुं ब्लॉक करी आपुं." माझ्याच भाषणात मी जी रीत सांगितली होती त्या रीतीनं त्यांनी दोन बटणं दाबली आणि नंबर बंद करून टाकला. वर म्हणाल्या, बघा, तुम्हीच शिकवलंत. मी हसले. हांडवा फार छान झालाय, असंही म्हणाले.

त्या गेल्यावर मी फोन घेऊन बसले. बंद केलेला नंबर परत कसा उघडायचा हे मला येत नव्हतं. भाषणात तेवढा भाग नव्हता. सोसायटीतल्या पोरांपैकी कोणाला विचारावं तर आधी सगळं सांगावं लागणार. दोन दिवस मी कोणालाच सांगितलं नाही. ह्यांची अट होती, अट पाळली, असं स्वतःला समजावत राहिले. भाजी करपली, देवापुढचा दिवा दोनदा लावला. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना रडू आलं आणि ह्यांना सांगितलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं, चष्मा आणला, आणि माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये शिरून तो नंबर शोधून काढला. "लाव," म्हणाले. ज्यांना चौकशीची भीती वाटत होती तेच. मी लावला. लागला नाही. दिवसभरात आम्ही आळीपाळीनं तो कितीदा लावला असेल! नंबर फोनमध्ये साठवताना माझी बोटं पुन्हा घाबरली आणि मी शेजारच्या वस्तीचं नाव जोडून लिहिलं 'प्लंबर गोरवा'. आता हसू येतं. तेव्हा ह्यांनीही मान डोलावली होती.

पाचव्या दिवशी दुपारी प्लंबरचा फोन आला.

"अम्मा जी, सलाम. आपकी बेटी हमारे पास है."

हेच वाक्य, शब्दाला शब्द, मी बैठकीत वाचून दाखवलं होतं. पण तो आवाज घाबरवणारा नव्हता. म्हाताऱ्या शिक्षकाचा असतो तसा होता, तिच्या त्या गाइडचा. "घबराइए मत. खिंड पार हो गई," असं काहीसं ते म्हणाले, त्यांचा शब्द वेगळा होता, दर्रा. बर्फात आठ तास लागले, बूट ओले झाले होते, डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत. स्कर्दूच्या इस्पितळात आणलंय, आत पट्टी चालली आहे. जीवाला धोका नाही. मी वर्गातल्या मुलांना घालायचे तसे प्रश्न त्यांना घातले, कोणती बोटं, डॉक्टर काय म्हणाले, ताप आहे का, आणि त्यांनी एकेकाचं नीट उत्तर दिलं. मग म्हणाले, "आप तो बड़ी साफ़ ज़बान बोलती हैं. बेटी कहती थी अम्मा को सिर्फ़ मराठी आती है."

मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे ते म्हणाले, "आपकी इजाज़त से ही ले गए थे, अम्मा जी. फिर भी माफ़ी चाहता हूँ."

मला वाटलं, त्यांच्याकडे बोलायची पद्धत असेल. परवानगी कसली, आणि मी कधी दिली? पण पोर जिवंत होती. मी त्या माणसाला किती वेळा धन्यवाद दिले याची मोजदाद नाही. हे शेजारी उभे राहून माझा खांदा धरून होते.

कॅनडात गेल्यावर तिची दोन बोटं पेरापासून काढली. दिवाळीला ती बडोद्याला आली, पायात रुंद बूट, चाल थोडी डावीकडे कललेली. समोरच्या बेन गुळाच्या सुखडीचा डबा घेऊन धावत आल्या. तिचा पाय पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आ क्यां थयुं, बेटा?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मनात म्हटलं, आता सांगून टाकावं. पण सांगायचं म्हणजे तो नंबर कोणाचा होता हेही सांगायचं, आणि ज्या बाईनं महिनाभर आम्हाला जेवू घातलं तिच्या गळ्यात हे ओझं बांधायचं. मी तशीच उभी राहिले. मुलगी मात्र एक क्षणही अडखळली नाही.

"लडाखमां, मासी. बरफमां बूट भीना थई गया."

वर लेहच्या बाजाराचं वर्णन केलं, भाच्याला भेटता आलं नाही म्हणून हळहळली. बेन समाधानानं घरी गेल्या.

"किती सहज खोटं बोलतेस गं," मी दार लावून म्हटलं. रागच आला होता मला, कोणाचा ते नका विचारू.

ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "त्याहून मोठं बोललेय. तुझ्या नावावर."

मग तिनं सांगितलं. त्या गाइडची एक रीत होती. खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या गावात, जिथे फोन लागतो, तिथे ते प्रत्येकाला आपल्या फोनवरून घरी बोलायला लावायचे, आपल्या डोळ्यांदेखत. घरच्यांनी जा म्हटलं तरच पुढे. घरून नको म्हणाले तर तो माणूस एका सोबत्याबरोबर मागे. इतकी वर्षं त्यांनी हा नियम कोणासाठी मोडला नव्हता. सगळ्यांचे फोन झाले आणि हिची पाळी आली. हिचं दोन दिवस डोकं दुखत होतं, पोटात अन्न ठरत नव्हतं. ते तिनं त्यांच्यापासून लपवलेलं.

"तीनदा रिंग गेली आणि तू कापलास. मला लगेच कळलं, कोणीतरी समोर बसलंय."

"समोरच्या बेन होत्या," मी म्हटलं.

"ते समोर उभे होते, बाकीचे सगळे निघायच्या तयारीत. म्हणून फोन कानाला तसाच ठेवला आणि बोलत राहिले. हो आई. नाही आई. हो, कानटोपी घालते. त्यांना बोलायचं होतं तुझ्याशी, तर म्हटलं, आईला हिंदी येत नाही."

"आणि मी काय म्हणाले?" मी विचारलं.

"तू म्हणालीस, सांभाळून जा."

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. तो रुंद बूट तिनं काढून ठेवला होता. मोज्याचं टोक दोन बोटांपाशी पोकळ होतं, मी ते हातात धरलं.

"मी असं म्हणाले असते?"

"छे," ती म्हणाली. "तुला आवाजावरून कळलं असतं. तू म्हणाली असतीस, मुकाट्यानं मागे फिर."

"आणि तू ऐकलं असतंस?"

तिनं मोज्याचं ते पोकळ टोक माझ्या हातातून हळूच सोडवलं.

"आई, मी त्यासाठीच फोन केला होता."