साडूचा एसएमपीएस

शांतता हीच माणसाची खरी संपत्ती आहे, असं थोरामोठ्यांनी पुन्हापुन्हा सांगून ठेवलं आहे. सांगणारे बहुतेक डोंगरात नाहीतर नदीकाठी राहत होते. सुरतेत, कतारगामला, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्याच्या डोक्यावर भाड्याने राहिलेला त्यांच्यात कोणी असल्याचं माझ्या वाचनात नाही. मी तिथे राहतो. खालच्या सुयांचा ठेका फरशीतून वर येतो, ओट्यावर ठेवलेली वाटी हळूहळू कडेला सरकते, आणि पाहुण्यांखेरीज कोणाचं तिकडे लक्ष जात नाही.

तेव्हा आवाज न करणारा कॉम्प्युटर मला शांततेसाठी हवा होता असं म्हणणं खोटं होईल. तो मला साडूमुळे हवा होता.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या दोघांचेही वडील खानदेशातून लूम चालवायला सुरतेत आले. तो आता हजीऱ्याला रंगकामाची कंत्राटं घेतो आणि पाल भागातल्या फ्लॅटमध्ये राहतो. प्रत्येक बाबतीत तो माझ्या थोडा पुढे असतो. फार नाही, दिसेल इतपत. मी सिगारेट सोडायचं ठरवलं तेव्हा त्याला सोडून वर्ष झालं होतं. पण कॉम्प्युटर हा माझा प्रांत होता. मी गुजरातीतून मराठीत भाषांतरं करतो, कीटकनाशकांची माहितीपत्रकं, बियाण्यांची पाकिटं, पापडाचे खोके, आणि दिवसभर त्या पेटीसमोर बसतो. घरात कोणाचा मोबाइल अडला तरी सगळे मला विचारत. हे एवढं राज्य माझ्याकडे राहील असा माझा समज होता.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही त्यांच्याकडे फराळाला गेलो. चकली हातात घेण्याआधीच त्याने मला आतल्या खोलीत नेलं. टेबलाखाली काळं कॅबिनेट होतं, त्याला झेंडूचा हार, वर कुंकवाचं स्वस्तिक.

"नवीन जुळवून घेतला," तो म्हणाला. "एकेक भाग निवडून. मुख्य म्हणजे एसएमपीएस. साडेआठशे वॅट, गोल्ड."

पॉवर सप्लायला आमच्या बाजारात एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना झेपेल अशी वाटणारा डबा. माझ्या कॉम्प्युटरमधला तो कॅबिनेटबरोबर फुकट आला होता आणि फुकट आल्यासारखाच ओरडायचा.

"चालू आहे?" मी विचारलं. स्क्रीन काळी होती.

"कान लावा ना, साडूभाऊ. तुम्हीच सांगा."

मी गुडघे टेकले आणि झेंडूच्या हाराला कान लावला. काहीही ऐकू आलं नाही. बाहेरच्या खोलीत बायका हसत होत्या तेवढं आलं. मी उठलो, "छान आहे" म्हणालो, आणि तो शब्द गिळायला मला दोन लाडू लागले.

घरी परतताना बायको म्हणाली, "एवढं काय तोंड पाडलंय? जिजाजींनी घेतला, घेऊ दे."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तेच म्हणते मी. पालपासून एक शब्द बोलला नाहीत."

सुरतेत पाडव्यापासून लाभपाचमेपर्यंत काहीही सुरू होत नाही. दुकानांची शटरं खाली, कारीगर गावी, मशीनं बंद. लाभपाचमेला मुहूर्ताची पूजा झाली की मग शहर बटण दाबतं. म्हणजे पैसे घेऊन उभा राहिलो तरी मला कोणी एसएमपीएस विकणार नव्हतं. मत्सराला मोकळा वेळ मिळाला की तो अभ्यासाला लागतो. मीही लागलो. खालचा कारखाना बंद असल्यामुळे माझ्या जुन्या डब्याची घरघर पहिल्यांदाच नीट ऐकू येत होती, आणि ती ऐकत मी शांततेविषयी वाचत बसलो.

विषय तसा सोपा निघाला. हा डबा भिंतीतून जितकी वीज घेतो तितकी सगळी पुढे देत नाही, थोडी स्वतःच तापण्यात घालवतो. तापला की पंखा फिरतो, पंखा फिरला की आवाज. कमी वाया घालवणारा डबा कमी तापतो. या काटकसरीबद्दल त्यांना पदकं दिली जातात, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, आणि त्याच्याही वर टायटेनियम. शाळेत मला पोत्याच्या शर्यतीत ब्रॉन्झ मिळालं होतं. पत्र्याच्या डब्यांची स्पर्धा त्याच्या पुष्कळ पुढे गेली होती.

माझ्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक कार्ड नाही. कीटकनाशकाला ते लागत नाही. सगळा हिशेब मांडला तर तो दोनशे वॅटही खात नव्हता. साडेचारशेचा चांगला गोल्ड एसएमपीएस घ्यावा आणि गप्प बसावं, असं सगळी शहाणी माणसं लिहीत होती. पण एकाने असंही लिहिलं होतं की काही मोठ्या एसएमपीएसवर भार थोडा असला तर त्यांचा पंखा फिरतच नाही, थांबून राहतो. हे वाक्य मी तीनदा वाचलं. मत्सराला तांत्रिक आधार मिळाला होता. फारच थोड्या भारावर मोठा डबा उलट जास्त वीज वाया घालवतो, हेही त्याच पानावर खाली होतं. वाचलेलं सगळंच उपयोगी पडतं असं नाही.

लाभपाचमेला दुकानदाराच्या कपाळावरचा टिळा ओला असतानाच मी पोचलो.

"केटला वॉट?" त्याने विचारलं.

"हजार."

"ग्राफिक कार्ड कयुं छे?"

"नथी."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तो शुं चलाववुं छे? लूम?"

"मारा साढुभाईनुं साडाआठसोनुं छे," मी म्हणालो.

"एम कहो ने," तो म्हणाला, आणि पुढे एकही प्रश्न न विचारता त्याने हजारचा खोका खाली काढला. "तो पछी हजारनुं ज लेवुं पडे."

प्लॅटिनम होता. संध्याकाळी मी तो बसवला, बटण दाबलं, आणि पंखा खरोखरच हलला नाही. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. बायको शेजारी उभी होती म्हणून हे बोललो नाही.

अडचण आईची निघाली. आईचं आयुष्य लूमच्या खात्यात बॉबिन भरण्यात गेलं. मशीनचा आवाज म्हणजे पगार. आवाज थांबला म्हणजे एकतर लाइट गेली किंवा मशीन बिघडलं, आणि दोन्ही वेळी पहिलं काम भिंतीवरचं बटण बंद करण्याचं. खालच्या धडधडीतसुद्धा आपल्या घरातलं काय बोलतं आणि काय बोलत नाही हे तिला कळतं. जुना डबा ओरडत होता तोवर तिने कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. नवा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहाला उठलो आणि परत येऊन पाहतो तर अर्धं भाषांतर गेलेलं.

"आई, चालू होता तो."

"चालू व्हता? आवाज ते नही. आवाज नही म्हनजे बंदच शे ना. बटन कसाले चालू ठेवानं?"

"आवाज येऊ नये म्हणूनच घेतलाय."

"पैसा देईसन?" आईने विचारलं. पैसे मोजून कोणी आवाज बंद करून आणतं, हे तिला पटलं नाही. त्यानंतरही ती तिच्या नियमाप्रमाणे वागत राहिली आणि मी माझ्या फाइली वारंवार सेव्ह करायला शिकलो.

साडूला बोलवायचं ते रविवारीच, हे मी ठरवलं होतं. रविवारी खालचा कारखाना बंद असतो. शांतता दाखवायची तर ती असलेल्या दिवशी दाखवावी. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, कॅबिनेट पुसलं, केबल नीट बांधल्या. हार घातला नाही. तेवढा फरक मला हवा होता.

ते दोघे दुपारी आले. चहा व्हायच्या आधीच मी साडूला आत नेलं.

"हजार वॅट," मी म्हणालो. "प्लॅटिनम."

"अरे वा." तो वाकला. मग जमिनीवर हात टेकून त्याने कॅबिनेटला कान लावला आणि डोळे मिटले. तेव्हा मला दिसलं की कॅबिनेटवरचा छोटा दिवा विझलेला आहे. भिंतीवरचं बटण बंद होतं. आई येऊन गेली होती.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात डोळे मिटूनच त्याने विचारलं, "चालू आहे ना?"

"तुम्ही कान लावलाय ना," मी म्हणालो. "तुम्हीच सांगा."

त्याने डोळे उघडले. बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गुडघे झटकत उठला.

"छान आहे," तो म्हणाला. "अगदी आमच्यासारखा."

पाडव्याला माझा चेहरा कसा झाला असेल ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, निदान मला तसं वाटलं. बटणावरून त्याला काही कळलं असेल ही शंका मी बाजूला सारली. जिंकलेल्या माणसाने फार बारकाईने पाहू नये.

बाहेर चहा आला होता. आई मेव्हणीपाशी माझी तक्रार करत होती, की हा मुका डबा मी दिवसभर चालू ठेवतो आणि बिल येतं.

"आमच्याकडे उलटं, मावशी," मेव्हणी म्हणाली. "यांनी धनतेरसला आणला, पण लाभपाचमेपर्यंत कोणाला बटणाला हात लावू दिला नाही. मुहूर्त, म्हणे. दिवाळीभर नुसता हार घालून बसवून ठेवला होता."

साडू बशीत चहा ओतत होता. बशी भरली तरी तो मान खाली घालून तिच्याकडेच पाहत होता.

मी त्याच्या कॉम्प्युटरला कान लावला तो दिवस पाडव्याचा होता. लाभपाचम पाडव्यानंतर येते.