शिडीवाली होडी
आईनं दिलेली वाळल्या मोहफुलांची पिशवी केबिनमध्ये उघडली, की ती दुपार आठवते. आठवीत शाळा सोडली, अन् काही वर्षांनी जंगलातल्या आरमोरीकडून मी जहाजावर आलो, त्याचं ते पहिलंच वर्ष. डेकवर पहाऱ्याला उभा होतो. लांब एक लहान होडी दिसली. तिच्यात जाळं नव्हतं, उंच शिडी होती. जहाजावर चढायला शिडी आणणारे हे चाचेच, असं वाटलं, तरी मी कोणाला सांगितलं नाई. मोह वेचताना वाघ दिसला तरी त्याचं नाव घ्यायचं नाई, ही आमच्याकडची रीत. तेवढ्यात वायरलेसवर इशारा आला, की शिडीवाल्या होड्या घेऊन चाचे फिरताहेत. आमच्या पुढं असलेल्या एका जहाजानं जवळच्या देशाच्या सागरी सुरक्षा केंद्राला कळवलं होतं, त्या केंद्रानं शेजारच्या देशाला, आणि त्यांनी आम्हाला. कप्तानानं लगेच जहाज वळवून वेग वाढवला, तशी होडी मागं पडली. "तुला दिसली होती ना? मग बोलला का नाहीस?" आमचा कोकणातला सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, खेकसला. "नाव घेतलं का तो येते, भाऊ." "गाढवा, इथं नाव नाही घेतलं तर येतो!" संध्याकाळी कळलं, आधी खबर देणाऱ्या त्या जहाजावरची माणसं चाच्यांनी धरून नेली. त्यांचं पुढं काय झालं, ते मले अजून माहीत नाई. मोह तोंडात टाकताना त्यांना हात जोडतो. आणि पहाऱ्यावर असताना पाण्यात नुसतं लाकूड तरंगताना दिसलं, तरी ओरडून सांगतो.