तिसऱ्या चष्म्यानंतर

चष्म्याच्या दुकानात मी काउंटरवर बसायचे आणि मागच्या खोलीत काका काचा घासायचे. मध्ये एक पडदा. अकरा वर्षं आम्ही त्या पडद्याच्या दोन बाजूंना काम केलं. त्यांच्या लक्षात माणसांची नावं राहायची नाहीत, नंबर मात्र पक्का राहायचा. "ते उणे सहावाले येऊन गेले का?" असं विचारायचे. म्हणून सगळे त्यांना नंबरवाले काका म्हणत, अगदी मालकसुद्धा.

स्वभाव असा, की स्वतःसाठी कुणाकडे काही मागायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. पगारवाढ हवी असली, तर तीही त्यांच्या वतीने मीच मालकांकडे मागायचे.

त्यांची लेक अगदी उलट. चोवीस वर्षांची, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात कामाला. दुकानात आली की पाच मिनिटांत गिऱ्हाइकांना हसवायची. "आमच्या घरातलं सगळं बोलणं मीच उचललं मावशी, बाबांसाठी काही उरलंच नाही," असं मला म्हणायची.

तिला नकाशावरच्या रेघा दुहेरी दिसायला लागल्या. काकांनी चष्मा करून दिला. महिनाभराने ती परत आली, अजून तसंच. आमच्याकडे शनिवारी डोळ्यांचे डॉक्टर यायचे, त्यांनी पुन्हा नंबर काढला, काकांनी दुसरा चष्मा केला. मग तिसरा. तिसऱ्याच्या काचा त्यांनी दोनदा घासल्या.

"माझा हात गेला वाटतं ताई," ते मला म्हणाले. "वयाचा परिणाम."

"बाबा, आता तुम्हीच चष्मा लावा," लेक म्हणाली. आणि माझ्यासमोर चहा ओतताना तिने तो कपाच्या बाजूला, टेबलावर ओतला.

त्या शनिवारी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले आणि दिवा बंद करून बराच वेळ आत पाहिलं. बाहेर येऊन काकांना खुर्ची दिली. "काका, हे चष्म्याचं काम नाही. डोळ्यामागची नस सुजली आहे. उद्याच डोक्याचा स्कॅन करून घ्या."

मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन, मग काही आठवडे किरणांचे उपचार. हॉस्पिटलने खर्चाचा कागद दिला. काका आणि काकू, म्हणजे शिवणकामाच्या कारखान्यात काम करणारी त्यांची बायको, दोघांनी सात वर्षं काही न खाता कमावलं असतं तर तेवढे पैसे झाले असते. साठवलेलं सगळं काढलं, मालकांनी उचल दिली, काकूंच्या भावाने दिले. तरी निम्म्यालाही पोचेनात.

लेकीच्या ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, फोनवर व्हिडिओ काढून आवाहन करू, बापाने दोन शब्द बोलायला हवेत. तो मागच्या खोलीत फोन धरून उभा राहिला. काका यंत्राला टेकून उभे. "माझी मुलगी..." इतकं म्हणायचे आणि थांबायचे. असं सहा वेळा झालं.

"बाबा, फक्त मदत करा एवढं म्हणा."

"नाही येत गं मला."

शेवटी तीच पुढे झाली आणि सरळ फोनकडे बघून बोलली. सहकारी चाचरत म्हणाला, "थोडे डोळे भरून आले ना, तर लोक जास्त देतात."

"रडू येईल तेव्हा रडेन," ती म्हणाली. "तुझ्या फोनसाठी नाही."

आवाहनातून काही आले, पण थोडेच. मी काकांना म्हटलं, आपले ते मोठे गिऱ्हाईक आहेत ना, सोन्याच्या फ्रेमवाले, त्यांच्याकडे जाऊन या. गेले. दोन तासांनी परत आले.

"मागितलं का?"

"ते म्हणाले, बरं झालं आलात, दांडी ढिली झाली आहे. मी स्क्रू घट्ट करून दिला. चहा दिला त्यांनी."

"आणि?"

"का आलात, असं काही विचारलंच नाही, ताई."

मला त्यांचा राग आला आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली. दुसऱ्या दिवसापासून मालकांना विचारून मी वहीतल्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करायला लागले. काउंटरवर लेकीचा फोटो लावलेला डबा ठेवला. लोक आरशात फ्रेम लावून बघायचे आणि बघता बघता नजर डब्याकडे जायची. नोटेचा आवाज होत नाही, पण नाणं पडलं की पडद्याआड यंत्र क्षणभर थांबायचं.

एक बाई होत्या, महाखट. एकाच चष्म्याच्या काचा त्यांनी चार वेळा परत केल्या होत्या. त्या आल्या, फोटो पाहिला, म्हणाल्या, "काचा करतात ते कोण? बाहेर बोलवा त्यांना."

काका हात पुसत आले.

"चार वेळा त्रास दिला मी तुम्हाला. एकदाही तोंड वाकडं केलं नाहीत." त्यांनी पर्समधून नोटांचं पाकीट काढून डब्यात कोंबलं. आत जाईना, तर रागाने ठोसून घातलं.

काका बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमच्या ओळखीत आणखी कुणी असेल, तर सांगाल का? कमी पडतात." त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर ते रोज संध्याकाळी स्वतः घरोघर जायला लागले.

पैसे जमायला सात आठवडे लागले. तेवढ्यात तिचा उजवा डोळा गेला. काका एकदा यंत्र बंद करून म्हणाले, "तीन चष्मे केले मी. तीन महिने घालवले." मी म्हटलं, डॉक्टरांच्याही लक्षात आलं नव्हतं. "त्यांची ती मुलगी नव्हती," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली नाही, जेवढी निघाली तेवढी काढली. पोर वाचली, पण शब्द सापडेनासे झाले. पेनाला 'ते लिहायचं' म्हणायची, मला 'काचेची बाई'. दुकानात यायची, डोक्याला रुमाल, खुर्चीत बसायची. काका तिच्याशेजारी बसून सतत बोलायचे. आज कोण आलं, काय म्हणालं, कुणाची फ्रेम नाकावरून घसरते. या माणसाच्या पोटात इतकं बोलणं होतं, हे अकरा वर्षांत मला कळलं नव्हतं. ती हसायची, अर्ध्या चेहऱ्याने.

दहा महिन्यांनी गाठ पुन्हा वाढली. मी डबा पुसून काउंटरवर ठेवला. तिने तो हाताने मागे सारला.

"नको. एकदा... दिलं लोकांनी. आता... घरी."

काका तिच्यावर ओरडले. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. "तू कोण ठरवणार? मी रस्त्यावर बसेन, पदर पसरेन!" पदर हा शब्द ऐकून तिला हसू आलं. काका उठून आत गेले.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांना स्पष्ट सांगितलं, दुसऱ्या ऑपरेशनने फार तर दोन महिने मिळतील, आणि तेही नळ्या लावून. पाचव्या दिवशी त्यांनी तिची कॉट घरातल्या खिडकीपाशी ओढली. नऊ आठवड्यांनी, दुपारी, काकू तिला पाणी पाजत असताना ती गेली.

पंधरा दिवसांनी काका कामावर आले. आणि मग जे झालं त्याचा आम्ही कुणी विचारच केला नव्हता. ज्यांनी पैसे दिले होते ते सगळे गिऱ्हाईकच होते. कुणी काच बदलायला यायचं, कुणी नंबर तपासायला, आणि दारातूनच विचारायचं, "मुलगी कशी आहे आता?" अगदी हौसेने, आपलं माणूस असल्यासारखं.

मी म्हटलं, "काका, तुम्ही आत बसा. मी सांगते सगळ्यांना."

"नको. दिलंय त्यांनी. मलाच सांगायला हवं."

मग दर वेळी यंत्र बंद करायचं, हात पुसायचे, पडदा सारून बाहेर यायचं आणि सांगायचं. काही जण रडायचे. काका त्यांना पाणी द्यायचे. एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे मग एवढे पैसे..." आणि जीभ चावली. काका म्हणाले, "वर्षभर होती ना ती."

हे चार महिने चाललं. मग लोकांनी विचारणं थांबवलं.