सावरगावच्या चक्कीपुढे बंद पडलेली आमची घरगाडी

आमच्या ह्यांना ॲम्बुलन्स नको होती, म्हणून ही गाडी झाली. दोन वर्षांआधी संत्र्याच्या झाडावरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. बसता येत नाही, पडूनच असतात. सावरगावला त्यांची थोरली बहीण, अनसूयाबाई. माय लवकर गेली, तर बाईनंच ह्यांना लहानाचं मोठं केलं. मागच्या वर्षी तिचं मांडीचं हाड मोडलं, तीही खाटेवर. इकडे भाऊ पडलेला, तिकडे बहीण पडलेली, मधात पन्नासेक किलोमीटर रस्ता. भेट नाही. मी म्हटलं ॲम्बुलन्स सांगू, तर हे म्हणाले, "ॲम्बुलन्समधून दारात उतरलो तर बाई समजन मी मेलो. मी नाही जात."

जावयाचं सौंसरला वेल्डिंगचं दुकान आहे. त्यानं शाळेची जुनी मिनीबस आणली आणि पावसाळाभर तिच्यात खपला. लोखंडी पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, पंखा. मागचं दार एवढं रुंद की खाट सरळ आत सरकते. तुमच्या घरी असं पडून असलेलं माणूस असेल तर दार रुंदच करा, बाकी सगळं नंतर.

डिसेंबरात भाच्याचा, बाईच्या मुलाचा, फोन आला. बाईचं खाणं सुटलं, ह्यांचंच नाव घेऊन राहिली. आम्ही शुक्रवारी सकाळी मोहगावकडच्या आमच्या शेतातून निघालो. बगीचा व्यापाऱ्याला दिला होता, तोडाईची गँग सोमवारी येणार होती. समोर आपलं माणूस नसलं की ते लोक फांद्या मोडतात, कच्चा माल तोडतात. त्याआधीची तयारीही बाकी होती, म्हणून मी निघतानाच सांगून ठेवलं, भेटून संध्याकाळीच परत.

रिकाम्या हातानं बाईकडे कसं जायचं? दहा कॅरेट संत्री भरली. जावई म्हणाला, "मामी, गाडी मागून दबून राहिली. चार कॅरेट उतरवू."

"जावईबापू, तुमच्या गाडीले संत्री जड झाली का?"

त्यानं गाडी सुरू केली.

सौंसरपर्यंत बरं चाललं. जामसांवली यायला आलं तसा इंजनच्या गरमीचा काटा चढला आणि समोरून वाफ निघाली. पाण्याचा पाइप फुटला होता. देवळाच्या रस्त्याला कडेला गाडी लावली. जावयानं फुटलेला तुकडा कापून पाइप परत बसवला आणि बजावलं, "अर्धा तास थंड होऊ द्या मामी. मी क्लिप घेऊन येतो. पाण्याचं झाकण उघडू नका."

तिथला मारुती निजलेला आहे. लोक आपापली दुखणाईत माणसं घेऊन येतात. ह्यांनी खिडकीतून हात जोडले. "तोही पडला हाय, मीही पडलो हाय. आतूनच रामराम." एक नारळवाला डोकावून म्हणाला, "हे काय हाय भाऊ, दवाखाना?" हे म्हणाले, "घर हाय. ये बस."

दोन वर्षांत त्यांना अनोळखी माणसाशी बोलताना मी पाहिलं नव्हतं. पण तेव्हा माझं लक्ष त्यात नव्हतं. माझं लक्ष घड्याळात होतं. पोहे खाल्ले, वीस रुपये प्लेट, बरे होते. दहा मिनिटं झाली. वाफ थांबली. मी कपड्यानं झाकण धरून उघडलं आणि टाकीतलं बादलीभर थंड पाणी ओतलं. आत टण्णकन वाजलं. मी झाकण लावून टाकलं.

जावयानं क्लिप आणून बसवली, पण पुढे गाडी पांढरा धूर सोडत चालली. पांढुर्ण्यापर्यंत दोनदा पाणी टाकावं लागलं. बाजारातून जाम नदीचा पूल ओलांडला, सावरगावात शिरलो आणि बाईच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या चक्कीपुढे, गाडी जी थांबली ती थांबलीच.

पांढुर्ण्याहून मिस्त्री आणला. पिकल्या केसांचा, शांत माणूस. त्यानं इंजन उघडलं आणि विचारलं, "हेड वाकलं. गरम इंजनात थंड पाणी कोणं टाकलं?"

जावई म्हणाला, "मीच टाकलं. चुकलं."

आज पहिल्यांदाच इथं लिहून राहिली, की ते पाणी मी टाकलं होतं.

हेड लेथवर घासायला द्यायचं, गॅस्केट नागपूरहून येणार, म्हणजे रविवार दुपार. खर्च सगळा मिळून साडेसहा हजार. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, तुमचं घर तं संगंच हाय. बसा न आरामात." मला त्याचा राग आला.

गल्ली एवढी अरुंद की ह्यांचा लोखंडी पलंग आत नेता येईना, बाईची खाट लहान. मग चक्कीवरचे चार जण गेले आणि बाईला खाटेसकट उचलून आणलं. मागच्या दारातून खाट आत सरकवली. भावाच्या पलंगाला बहिणीची खाट लागली. दोघंही मान वळवून एकमेकांकडे पाहत राहिले.

"किती वाळला रे तू," बाई म्हणाली.

"तू कोणती लठ्ठ झाली व?"

"जेवला का?"

"तू जेवली का ते सांग. भाचा म्हणते, तू खाऊन नाही राहिली."

"कोण म्हणते? त्याच्या बायकोच्या हातचं अळणी असते, म्हणून." भाचेसून दारातच उभी होती. ती हसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

ह्यांनी एक संत्रं सोललं. शिरा काढल्या, बिया काढल्या, एकेक फोड बाईच्या तोंडाशी धरली. चार फोडी खाल्ल्या तिनं. भाचा बाहेर माझ्या कानात म्हणाला, "मामी, आठ दिवसांत पहिल्यांदा काही गिळलं तिनं."

तीन दिवस असंच. सकाळी खाट आत यायची, दिवस मावळला की बाहेर. मी शेगडीवर पातळ वरण-भात करायची, दोघं एका ताटात खायचे. बोलणं थोडंच, पडून राहणं जास्त. चक्कीवर दळणाला येणाऱ्या बाया खिडकीतून विचारायच्या, "आज किती खाल्लं व म्हातारीनं?" नऊ कॅरेट संत्री तर गल्लीतच वाटली गेली. मी मात्र दर दोन तासांनी मिस्त्रीला फोन लावत होती.

रविवारी तीन वाजता गाडी सुरू झाली. मिस्त्री म्हणाला, आता जमलं. बाईनं ह्यांचा हात धरला. "आज मले इथंच निजू दे. उद्या जाय."

ह्यांनी बाईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "उद्या तोडाई हाय बाई. गाडी आता चांगली झाली, पंधरा दिवसांनी परत आणतो न ह्यांना." खोटं बोलली नाही मी, खरंच आणणार होती. चौघांनी खाट उचलली. जाताना बाईचा हात दाराच्या कडीत अडकला, ह्यांनी पडूनच हात लांबवून तो सोडवला.

येताना गाडी कुठंच बंद पडली नाही. काटा मधातच राहिला. दिवस मावळायच्या आत घरी.

सोमवारी गँग आली नाही. व्यापारी म्हणाला, गुरुवारी. मंगळवारी सकाळी भाच्याचा फोन आला.

लोक विचारतात, अशी गाडी करावी का. करा. पाणी टाकायची घाई करू नका, वजन मोजून भरा, पांढुर्ण्याचा मिस्त्री चांगला आहे. हे सगळं मी सांगू शकते. पण तो एक दिवस मी कुठून आणू? माझ्या चुकीनं दोघांना तीन दिवस मिळाले आणि चौथा मी नाकारला. ह्यांनी अजून एका शब्दानं मला बोल लावला नाही.

मंगळवारी फोन ठेवला तेव्हा मी पदर खोचला. गाडी दारातच होती, डिझेल होतं. "जावयाला बोलावते," मी म्हटलं, "आत्ता निघालो तर मातीले पोचू. चला, लवकर करा."

हे छताकडे पाहत पडून होते. म्हणाले, "आता कायची घाई व?"